उतरलेली तार

दुपारी शिकवणी आटोपून आल्यावर तिनं ताईचा फोन स्पीकरवर टाकला आणि गिटार मांडीवर घेतली. "उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस," ती ताईला म्हणाली. "कुलूप कालच बदललंय. तो यायचा नाही." नवऱ्याचा हेका असायचा, एकट्या गिटारवर गाणं बसवायचं तर जाड तार एक सूर उतरवायचीच, खर्ज घुमला पाहिजे. त्याला घराबाहेर काढल्यापासून तिनं ती तार नेहमीच्या सुरातच ठेवली होती. तिनं तार छेडली. उतरलेला खर्ज खोलीभर घुमला. मीच उतरवली असेल, असं मनाला समजावत तिनं पुन्हा छेडली. सूर मघापेक्षा किंचित चढला होता. नुकतीच सैल केलेली तार पाच-दहा मिनिटं अशी चढते, मग स्थिरावते. "काय झालं गं?" ताईनं विचारलं. तिनं तळहातानं तार गप्प केली. आतल्या खोलीतलं गुणगुणणं मात्र थांबलं नाही.