जिवंतांसाठी

"मी गेल्यावर माझ्यासाठी चर्चमध्ये मिस्सा नको, मेणबत्ती नको. मेणबत्तीने फार तर डास पळतील, रेजिना. प्रार्थना जिवंतांसाठी कर."

मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही, याच प्रश्नावर तीस वर्षं भांडूनही कॅथलिक रेजिनाने आपल्या प्रॉटेस्टंट नवऱ्याला इस्पितळात तसा शब्द दिला होता.

आज मृतांचा दिवस. गाव फुलं घेऊन दफनभूमीकडे निघालेलं. "अगं, तुझ्या हट्टापायी तो शुद्धिस्थळात तडफडत राहील! आपल्या प्रार्थनेशिवाय तिथून स्वर्गात कसा पोचेल?" बहीण कळवळली.

तिलाही तीच भीती होती. रोज रोझरीची माळ जपताना त्याचं नाव ओठांवर येई आणि ती ते गिळून टाकी.

"तू हो पुढे," ती म्हणाली. नवऱ्याचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. ती कॅथलिक म्हणून त्याने तिला कधी घरात घेतलं नव्हतं. पण तो जिवंत होता. डोळे पुसून तिने त्याच्या घराची वाट धरली.