एकेरी की दुहेरी

“तुम्ही जरा आत सरकता का? पाणी उडेल अंगावर.”

नवरा म्हणाला. नवाकोरा नवरा, केस तेवढे पिकलेले. बायकोही तशीच, गेल्याच महिन्यात झालेली. लाँचच्या कठड्याशी दोघं बसली होती आणि मधे पिशवी होती. पिशवी त्यानंच ठेवली होती.

ती सरकली. आत नाही, बाहेर.

वॉर्डात तिला जन्मभर सगळे सिस्टर म्हणाले. घरी आत्या, मावशी, काकू. ‘अगं’ म्हणणारी शेवटची तिची आई. ती गेली आणि जाताना तो शब्दही घेऊन गेली. लग्न ठरलं तेव्हा हिला वाटलं, आता परत कानावर पडेल. पण हा पडला तिकीट खिडकीवरचा माणूस! समोरच्याला ‘तुम्ही’ म्हटल्याशिवाय याला शिंकसुद्धा यायची नाही. त्यात गुडघ्याच्या ऑपरेशनला तिच्याच वॉर्डात होता. लग्नाच्या सह्या करताना म्हणाला, “सिस्टर, पेन देता का?” नोंदणीवाले साहेब खुर्चीतून उठलेच होते.

“बेटं छान आहेत, नाही?”

“तुम्हाला आवडली?”

“तुम्हाला?”

असं चाललेलं. शेजारशेजारच्या टेबलांवरचे दोन कारकून.

“धरून बसा!” बोटवाला ओरडला. “धावतं पाणी आलं!”

समोर दोन बेटं एकमेकांच्या कानाला लागल्यासारखी जवळ आली होती. भरतीचं सगळं पाणी तेवढ्याशा वाटेनं आत घुसत होतं. ढकलाढकली करत, गरगरत, शाळा सुटल्यासारखं. बघायला ती वाकली. आणखी वाकली.

“तुम्ही—”

लाँच उचलली.

“अहो—”

आपटली. पिशवी कुठल्या कुठे गेली. ती अर्धी कठड्याबाहेर.

“अगं ए! वेडी आहेस का? धर मला! धर म्हणतो ना!”

तिचा दंड त्याच्या मुठीत. तोंडात खारं पाणी. आणि ती हसत होती. हसताना ठसका लागला, तरी हसत होती.

मग पाणी एकदम शहाणं झालं.

त्याने दंड सोडला. ओल्या रुमालाने ओला चष्मा पुसला.

“माफ करा,” तो म्हणाला. “घाबरून एकेरीवर आलो.”

“आलात खरे.”

“राग आला का तुम्हाला?”

तिने मागे वळून बोटवाल्याला विचारलं, “दादा, परतीची वाटही हीच ना?”

“दुसरी आहे कुठे, आजी? आणि ओहोटीला पाणी जास्त दांडगं असतं. आत्ताचं काहीच नाही!”

नवऱ्याने खिशातून भिजलेली तिकिटं काढली. सवयीने उलटसुलट करून पाहिली.

“दुहेरी आहेत,” तो म्हणाला.

“असू देत. येताना एकेरीवरच या.”

तो तिच्याकडे बघत राहिला. नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लोंबत होता, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही. पिशवी घरंगळत त्याच्या पायाशी आली होती. ती त्याने उचलली आणि पलीकडच्या बाजूला ठेवली.

“सरक,” तो म्हणाला.