लाल दोऱ्याची गाठ

बूट सकाळपासून बादलीभर पाण्यात भिजत होता. हेप्सी ग्रोव्हरने ती बादली तशीच उचलून आणली आणि मतपेटीशेजारी आदळली.

सभागृहातले पुरुष दचकले. बायकांनी माडीवर गुपचूप बसायचं, हा गावसभेचा रिवाज. ही बाई मात्र सरळ खाली उतरली होती.

पेटीमागे फिलो ब्रॅकेट उभा होता. एके काळी पाठीवर सुया-दोऱ्यांची पेटी घेऊन मॅसॅच्युसेट्सची खेडी तुडवणारा माणूस. मग दुकान झालं, मग यादवी युद्ध लागल्यावर फौजेला बूट पुरवायचा ठेका. आता युद्ध संपलं होतं आणि स्वारी राज्याच्या विधिमंडळात निघाली होती; आजचं मतदान त्यासाठीच होतं. आत्ताच हुतात्म्यांवर बोलताना रुमाल डोळ्यांना लावून झाला होता. तो रुमाल पाहून हेप्सीच्या मस्तकात तिडीक गेली.

"माझ्या ऑरिनचा बूट आहे हा," ती म्हणाली. "बर्फात पाय सडून मेलं माझं पोर. बघा, कशामुळे मेलं ते!"

तिने बूट बादलीतून काढून त्याचा तळ पिळला. चामड्याच्या पातळ पापुद्र्याखालून कागदाचा लगदा ओघळला.

"वाईट वाटतं, हेप्सीबाई," ब्रॅकेट मऊ आवाजात म्हणाला. "पण फौजेला बूट काय मी एकट्यानेच पुरवले? हा माझाच कशावरून?"

माना डोलल्या. खरंच की, कशावरून?

हेप्सीचा अंगठा बुटाच्या नाडीखालच्या चामडी जिभेवर घट्ट दाबलेला होता. ऑरिनचं सामान घरी आल्यापासून तिथे काय आहे ते तिने नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं. आजही न दाखवता भागेल, अशी तिची आशा होती. पण मताची पहिली चिठ्ठी पेटीत पडली आणि तिने अंगठा काढला.

लाल दोऱ्याची गाठ होती. ब्रॅकेटचे बूट गावातल्या बायकाच घरोघरी शिवत. काम कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकीने जिभेच्या आत आपापली गाठ मारायची, हा नियम खुद्द त्याचाच.

सभेत कुजबुज उठली. ब्रॅकेट क्षणभर गडबडला, मग उसळला.

"म्हणजे हे कुणा बाईचं काम! चामडं लांबवलं आणि कागद भरला! कोण आहे ती? उभी करा तिला इथे. सैनिकांचं रक्त आहे तिच्या हातांवर!"

"नाव सांग! नाव!" पुरुष ओरडू लागले.

हेप्सीने लगद्याने बरबटलेले दोन्ही हात वर केले.

"आहेच रक्त," ती म्हणाली. "गाठ माझी आहे. कागदही मीच चिकटवला. तुम्ही कागदाचे गठ्ठे दारात आणून टाकलेत, मालक, तेव्हा मी विचारलं होतं, हे फौजेच्या बुटात कशाला? आठवतं, हसून काय म्हणाला होतात? 'तुला काय करायचंय, हेप्सी, तुझं पोर थोडंच घालणार आहे!'"