गव्हावर तांदूळ

नूतन गिरणीच्या पायरीवर पोचली तेव्हा सव्वासात वाजले होते आणि गिरणी चालू होती. रविवारी दगड साफ होतात, म्हणून सोमवारी पहिला नंबर तिचा, तसा शब्दच दिला होता गिरणीवाल्या धर्मेशभायनं.

"काय टाकलंत?"

"गहू. कॅन्टीनवाला आला, अर्जंट होतं," पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत धर्मेश म्हणाला. "झालंच. टेन्शन नका घेऊ ताई, गव्हावर तांदूळच टाकायचाय ना? बाजरी थोडीच आहे! पांढऱ्यावर पांढरं, कळणार पण नाय."

हेंद्रेपाड्यात दळण आणणारी प्रत्येक बाई आधी एकच विचारते, कशावर टाकताय? बाजरीवर गहू पडला तर पोळ्या काळपट होतात आणि घरात तोंडं वाकडी होतात. गव्हावर तांदूळ टाकला म्हणून मात्र आजवर कोणी भांडलेलं नाही.

"दगड खोला. ब्रशनं साफ करा, मग टाका."

"अर्धा तास जाईल! पहिलं किलोभर पीठ बाजूला काढतो, चलेगा?"

"मागच्या महिन्यात तेच केलं. चार दिवस पोर अंथरुणात होती."

रांग कुरकुरली. एकीला डबा करायचा होता, दुसरीच्या घरी पाणी यायची वेळ झाली होती. सगळ्यांत पुढे संध्याताई होत्या, पायांत स्पोर्ट्‌स शूज, हातात नाचणी-ज्वारीचा डबा. गेला दीड महिना त्यांनी गव्हाचा कणही पोटात जाऊ दिला नव्हता, असा त्यांचा समज होता. दळण मात्र इथलंच.

"ग्लुटेन फ्री ना? मी पण," त्या कौतुकानं म्हणाल्या. "दोन किलो उतरले माझे. पण इतकं काय मनावर घेतेस गं? तू तर आधीच काडी आहेस."

"मला नाही, हिला." नूतननं मागं लपलेल्या जिज्ञासाला पुढं ओढलं.

"अगं बाई, एवढ्याशा पोरीला डाएट? बालवाडीत ना ही?"

"तिसरीत आहे. हिला गहू चालत नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. कणभर गेला तरी आतडं सोलून निघतं." नूतनचा आवाज चढला. "तुमचे दोन किलो खारी-बिस्किटं सोडल्यानं गेले असतील, ताई. हिचं वजन मला वाढवायचंय."

एवढं बोलून ती तांदळाची पिशवी छातीशी धरून गिरणीच्या तोंडाशीच उभी राहिली. आता ब्रह्मदेव आला असता तरी ती तिथून हलली नसती. "नाटकं नुसती," रांगेतून कोणीतरी पुटपुटलं. धर्मेश डोकं खाजवत कधी तिच्याकडे, कधी रांगेकडे बघत राहिला.

जिज्ञासाला या भांडणाशी काही घेणंदेणं नव्हतं. ती संध्याताईंच्या बुटांकडे बघत होती. मग मान वर करून तिनं मोठ्या ऐटीत सांगितलं, "काकू, मला यंदा नवीन युनिफॉर्म घेतला. पहिलीतला दुसरीतपण झाला, आता होतच नाही."

संध्याताईंनी डबा खाली ठेवला. भिंतीपाशी जाऊन रिकामी फिरणारी गिरणी त्यांनी स्वतःच बंद केली. पट्टा फडफडत थांबला.

"धर्मेशभाय," त्या म्हणाल्या, "दोन ब्रश आणा."