दुसरा फोन

सकाळपासून वाय-फाय बंद होतं. निवृत्त नर्सबाई घरात एकट्याच होत्या. दुरुस्तीवाल्यानं राउटरचा लाल दिवा पाहिला, उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली आणि मोबाइलवर तपासलं. “बाई, नेट आलं. पण यावर दोन फोन जोडलेत. एक तुमचा, दुसरा कुणी फुकट्या दिसतोय. पासवर्ड बदलून टाकू?” दुसरा फोन वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाईंचा होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात शब्दानं शब्द वाढला, तेव्हापासून चार वर्षं दोघी जिन्यात भेटल्या तरी तोंड फिरवायच्या. पासवर्ड त्याआधी दिलेला. “राहू द्या, घरचाच आहे,” नर्सबाई म्हणाल्या. दुरुस्तीवाला गेला. नर्सबाई दार लावणार, तोच वरून जाऊबाईंचा आवाज आला, “आलं का गं नेट?” इतक्या वर्षांनी त्या बोलल्या होत्या. “आलं, ताई.” वरचं दार लागलं. नर्सबाईंनी आपलं मात्र उघडंच ठेवलं.