सात मीटर

"आज पण सिदोनीच?" फुल्बेरनं विचारलं.

फळ्यावर नावं लिहिणाऱ्या मादाम ओर्तांसनं मागं वळूनही पाहिलं नाही. लॉजचा सगळा कारभार तिच्याच हातात होता, पण वयानं मोठ्या फुल्बेरला इतरांसारखं तीही आदरानं पापाच म्हणायची. "पाहुण्यांनीच तिला मागितलंय, पापा. तुम्ही पुढं राहून माग काढा. बोलायचं काम ती बघेल."

रानात फुल्बेर पुढं झाला. रुंद पानं छाटताना त्याचा कोयता आज जरा जास्तच जोरात चालत होता. इथल्या गोरिलांच्या कुटुंबाला माणसांची सवय लावण्यात त्याची सहा वर्षं गेली होती. मोठा नर कितीदा तरी अंगावर धावून आला होता आणि तो जागचा हलला नव्हता. तेव्हा लॉज कुठलं? नदी आणि एक गळका तंबू. आणि चौदा महिन्यांपूर्वी राजधानीतून, ब्राझाव्हिलहून आलेली ही पोरगी आता पाहुण्यांना इंग्रजीतून गोरिला समजावत होती.

"पापा, हा देठ आज सकाळीच तोडलाय हे कसं ओळखलंत?" तिनं मागून विचारलं.

"डोळ्यांनी."

पाहुण्यांसाठी तिनं त्याचं भाषांतर केलं. ते हसले. फुल्बेरची कानशिलं तापली.

रोज हेच चालायचं. सुट्टीच्या दिवशीही ती त्याच्यामागं रानात यायची, विचारून विचारून भंडावून सोडायची. सगळं पिळून घेतेय, त्याला वाटायचं, मग चिपाड फेकून देईल.

स्वयंपाकघरात आचारी झेफिरँनं आगीत तेल ओतलं. पानात गुंडाळलेला कसावा फुल्बेरपुढं सरकवत तो म्हणाला, "पलीकडच्या काठावर नवं लॉज होतंय. मुख्य मार्गदर्शक कोण होणार, सांगू? जिला इंग्रजी येतं ती. तुम्ही बसा आपले शेण हुंगत!"

फुल्बेरनं घास तसाच पानात ठेवला.

चार दिवसांनी पाहुण्यांचं विमान उडालं आणि तो थेट मादामच्या खोलीत गेला.

"सांगू नये, पण सांगतो. सिदोनीनं पाहुण्यांना गोरिलांच्या पार जवळ नेलं. तीन मीटरवर. तोंडावरचे मास्कही काढू दिले. फोटोसाठी."

मादामनं पेन खाली ठेवलं. सात मीटरच्या आत जायचं नाही आणि मास्क काढायचा नाही, हे दोन नियम मोडणाऱ्याला तिथं दुसरी संधी नव्हती. माणसाच्या साध्या सर्दीनं अख्खं कुटुंब मरू शकतं.

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"पाहिलं."

"दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी दहा जणांना विचारलं असतं," ती सावकाश म्हणाली. "पण पंधरा वर्षांत तुम्ही कधी खोटं बोललेलं मला आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या होडीनं सिदोनी निघाली. पिशवी खांद्याला लावून ती धक्क्यावर त्याच्यासमोर उभी राहिली. ती भांडेल म्हणून त्यानं शब्द तयार ठेवले होते.

"मास्क काढल्याचं मला खरंच आठवत नाही, पापा," ती म्हणाली. "अंतर मात्र चुकलं असेल. तुमच्या नजरेपुढं माझी नजर काय! गुडघा सांभाळा. ओल्यात बसू नका."

होडी वळणापलीकडं जाईपर्यंत तो पाण्याकडेच बघत राहिला. मग त्यानं खांदे झटकले. झालं ते झालं.

आठवडाभर त्यानं कळ काढली. मग सदऱ्याला इस्त्री करून तो पुन्हा मादामपुढं उभा राहिला.

"पलीकडच्या लॉजचं काय ठरलं?"

"कालच ठरलं. राजधानीतला कुणी माणूस घेतलाय. इंग्रजी बोलतो."

"त्याला हे रान काय ठाऊक?" फुल्बेरचा आवाज चढला. "इतकी वर्षं घातली मी इथं! माझं नाव तुम्ही साधं सुचवलंही नाही?"

मादामनं समोरची वही मिटली.

"तुमचंच नाव पक्कं झालं होतं, पापा. मालकांनी ती जागा आधी सिदोनीला देऊ केली, तर तिनं घेतलीच नाही. वर्षभर त्यांना पत्रावर पत्र लिहीत होती, तुम्हाला काय काय कळतं त्याचं. मुख्य म्हणून पापा फुल्बेर हवेत, म्हणाली, त्यांच्या हाताखाली राहून इंग्रजी मी बोलेन. त्या एका अटीवर मालक कबूल झाले होते. ती होती, म्हणून तुम्ही होतात."