खालचा मजला

गणपतीच्या कार्यक्रमासाठी कपिल जर्मनीत, नेकारसुल्मच्या फ्लॅटमध्ये, बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या ठोकून, डीव्हीडीवर बघून, जुन्या हॉलिवूडमधला तीन मिनिटांचा टॅप डान्स दोन महिने बसवत होता. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्र्यूगर वही घेऊन दारात. घरमालकाकडे तक्रार करायची तर इथे आवाजाची तारीखवार नोंद लागते. आता घर जाणार, म्हणत त्याने वही उघडली.

‘२ जून: बारावं पाऊल उशिरा. ३ जून: पुन्हा बारावंच. १९ जुलै: शांतता. पाय सुजला असावा. आज: एकही चूक नाही. टाळ्या वाजवल्या.’

“म्हणजे... तक्रार नाही?”

“नाइन, तक्रार नाही. फक्त एक शंका आहे,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “हा नाच मी सिनेमात पाहिलाय. त्यात ते हे सगळं हसत हसत करतात. तुम्ही हसत होतात का? ते खालून ऐकू येत नाही.”